रासकर बाईंचं विरजण

बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या लॅबवाल्या साहेबानं निरवांगीच्या रासकर बाईंना फसवलं. बाईंनी त्याला बरणीभर विरजण दिलं, आणि बाईंवर वेळ आली तेव्हा त्यानं त्यातलं चमचाभरही परत दिलं नाही. त्याला बाईंच्या दारापर्यंत माझ्या मोटारसायकलवर मीच नेलं होतं. डेअरीचं नाव मी लिहीत नाही. दुकानात माझं दही त्यांच्या दह्याशेजारी असतं, उद्या कुणी म्हणेल धंद्याच्या आकसानं लिहिलं. आकस आहे. पण तो धंद्याचा नाही.

आता विरजण म्हणजे काय एवढी मोठी वस्तू, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही कुणी दुसऱ्यानं सांगितलं असतं तर मी हसलो असतो. म्हणून आधी बाई सांगतो.

बाई आमच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायच्या. उंचीला बेताच्या, आवाज मात्र पार कॅनॉलपर्यंत जाणारा. वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी, आणि शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की निरवांगीच्या. फाटकाच्या आत "संपत, तू उशिरा का आलास?" आणि बाहेर "का रं मुडद्या, झोपला व्हतास का?" चष्म्याला दोरी, पदराच्या टोकाला खडूची पूड, आणि कुठलीही वस्तू हातात आली की आधी नाकाशी. वही, डबा, शेंगा, पोरांची बोटं. वास घेऊन त्या सांगायच्या की कुणाच्या घरी रात्रीचं कालवण उतरलं होतं. आणि ते बरोबर निघायचं.

दह्यातल्या जिवाणूंना त्या 'मंडळी' म्हणायच्या. विरजण लावलं की भांड्यावर झाकण ठेवून म्हणायच्या, "मंडळी जेवाय बसलीत, आता कुणी भांडं हलवू नका." दूध किती कोमट हवं याला त्यांचं माप होतं. करंगळी दुधात बुडवायची आणि सातपर्यंत मोजायचं. तीनलाच काढावी लागली तर गरम, सातनंतरही काहीच वाटलं नाही तर गार. ही करंगळी मी पुढं धंद्यात वापरली. आता माझ्याकडं तापमापक आहेत, तरी कामगारांची नजर चुकवून मी करंगळी बुडवतोच.

हे विरजण बाईंनी लग्नात माळशिरसकडच्या माहेराहून आणलं होतं, त्यांच्या आईनं ते तिच्या सासूकडून घेतलं होतं, आणि त्याच्या मागचं कुणाला माहीत नव्हतं. त्या दह्याची गोष्ट अशी, की ते घट्ट लागायचं, सुरीनं कापावं असं, आणि चैत्राच्या उन्हातसुद्धा दुसऱ्या दिवशी आंबट व्हायचं नाही.

दहावीला अलैंगिक प्रजननाचा धडा होता. शाळेत बाकीचे मास्तर तो धडा "घरी वाचा" म्हणून सोडून देत. प्रजनन हा शब्द आला की मुली खाली बघायच्या आणि आम्ही एकमेकांना कोपर मारायचो. बाईंनी सगळा वर्ग मैदानात काढला. फक्कीनं एक मोठं वर्तुळ आखलं आणि मधोमध मला उभं केलं, कारण डबा सगळ्यात आधी मी संपवायचो.

"हा एकपेशीय जीव. पोटभर जेवला आहे. शिट्टी वाजली की याचे दोन होणार."

शिट्टी वाजली की मी बाहेरच्या रांगेतून एकाला आत ओढायचं. पुन्हा शिट्टी, आम्ही दोघांनी दोघांना ओढायचं. दोनाचे चार, चाराचे आठ. सहाव्या शिट्टीला आत ओढायला बाहेर कुणी उरलंच नाही, आत चेंगराचेंगरी झाली, आणि हेडमास्तर ऑफिसच्या दारात येऊन बघायला लागले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "दूध आंबलं. आता मंडळी वाढायची नाहीत. मला सांगा, यातला मूळचा कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी छाती काढली.

"चूक. पेशी दुभंगली की आई मागं राहत नाही. दोन्ही अर्धे सारखेच. कुणी कुणाचं लेकरू नाही. एक तर मूळचा कुणीच नाही, नाहीतर सगळेच मूळचे आहेत."

मला राग आला. तेव्हाही मला राग लवकर यायचा. "बाई, मी पयल्यापासनं उनात उभा हाय."

"म्हणून तर तुला घाम जास्त आलाय," बाई म्हणाल्या. "पुरावा तेवढाच."

दहावीला मी गणितात आणि इंग्रजीत गेलो, विज्ञानात पास झालो. पुढं शिकायचं नाही हे ठरलंच होतं. सायकलला दोन कॅन बांधून इंदापूरला दही विकायला लागलो. विरजण अर्थातच बाईंचं. महिन्याभरात लोक विचारत यायला लागले की सायकलवाला आला का. मग माझ्या डोक्यात सौदा शिरला. बाईंच्या घरी गेलो. त्या ओट्यावर वाटाणे सोलत होत्या.

"बाई, एक बोलू का? हे विरजण माझ्याशिवाय कुणाला देऊ नका. बदल्यात काय पायजे ते सांगा."

"का रं?"

"सगळ्यांकडं असलं तर माझ्या दह्यात येगळं काय राह्यलं?"

"मी तुला दिलं. माझं कमी झालं का?"

"न्हाय."

"मग सौदा कशाचा करतोस? सौद्यात एकाचं जातं तवा दुसऱ्याला मिळतं. हितं कुणाचंच जात न्हाय. तुझ्या तागडीत हे बसायचं न्हाय, संपत."

मी तासभर भांडलो. रोज दूध आणून देतो म्हणालो, घराला रंग लावून देतो म्हणालो, शेवटी पुन्हा दारात पाय ठेवणार नाही अशीही धमकी दिली. बाईंनी वाटाणे संपवले, मला तांब्याभर ताक दिलं आणि टरफलं गाईपुढं टाकायला सांगितली. त्यानंतर मी मार्केट यार्डातल्या भल्याभल्यांशी घासाघीस केली, पण एवढं सपशेल कुणी हरवलं नाही.

त्या सगळ्यांना द्यायच्या. आमच्याकडं दिवेलागणीनंतर दूध, दही घराबाहेर देत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात. बाई म्हणायच्या, "मंडळींना घड्याळ कळत न्हाय," आणि वाटीत घालायच्या. त्यांची अट एकच. विरजण मागायला आलेल्यानं आधीचं कशानं मेलं ते खरं सांगायचं. दारात अगदी चौकशी व्हायची.

"कशानं गेलं?"

"काय कळंना बगा बाई. आपलं आपणच गेलं."

"आपलं आपण कोण जात न्हाय. दूध उकळतं व्हतं का?"

"जरा कडक व्हतं."

"जरा? खून केलास आणि वर जरा म्हणतीस."

बायका हसत विरजण घेऊन जायच्या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यायच्या. हळूहळू गावाला सवय लागली. गावाला जायचं, दही सगळं खाऊन टाकलं, भांडं घासून टाकलं, काळजी नाही. बाईंकडं असतंच. ही सवय किती महागात पडणार हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, बाईंच्याही नाही.

बाई निवृत्त झाल्या. माझी सायकल जाऊन टेम्पो आला, बारामतीत दुकान आलं. एके दिवशी तो साहेब दुकानात आला. चमचाभर दही तोंडात घोळवून त्यानं विचारलं, "कुठलं कल्चर वापरता?" पॅन्टशर्टातला शिकलेला माणूस माझ्या विरजणाचं नाव विचारतोय म्हणून मी फुगलो. खोटं कशाला बोलू. म्हणालो, चला, दाखवतो. आणि गाडीवर घालून निरवांगीला नेला.

बाईंना तो फार आवडला. त्यानं सांगितलं की लॅबमध्ये नमुना इतका गार करून ठेवतात की तो वर्षानुवर्षं मरत नाही आणि वाढतही नाही. बाई लहान पोरीसारख्या पुढं सरकल्या.

"म्हंजे मंडळींना झोपवून ठेवता?"

"तसंच समजा."

"आणि उठवली की जेवतात?"

"पहिल्यासारखी."

बाईंनी चिनीमातीची बरणी काठोकाठ भरून दिली. मग म्हणाल्या, "माजं कधी दगावलं तर मी तुमच्याकडं यीन हां. चमचाभर न्यायला."

"कधीही या, बाई. लॅब तुमचीच आहे."

हे मी ऐकलं. चहाचे कप उचलायला आलेल्या त्यांच्या सुनेनं, मंगलनंही ऐकलं. निघताना मी बाईंना बाजूला घेऊन म्हणालो, कागद करून घ्या. त्या म्हणाल्या, "विरजणाला कागद? उद्या हळदीकुंकवालाबी कागद मागशील."

वर्षभरानं त्या डेअरीचं नवं दही कपात आलं. झाकणावर लिहिलं होतं, गावची पारंपरिक चव. मी कप घेऊन तणतणत बाईंकडं गेलो. त्यांनी चव घेतली, जीभ टाळ्याला लावून थोडा वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "आपल्यातले एकदोघंच दिसत्यात ह्यात. बाकीचे कुठं गेले?" राग नाही, काही नाही. उलट कप उलटसुलट करत म्हणाल्या, "बरीच लांब गेली रं मंडळी."

मग ते घडलं. बाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इंदापूरला गेल्या होत्या. घरी गाईचं सड सुजलं, डॉक्टरनं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की चार दिवस हे दूध डेअरीच्या केंद्रावर घालू नका. आमच्याकडं सगळे हा नियम कडक पाळतात, कारण केंद्रावर दूध तपासतात आणि औषध सापडलं तर अख्खा कॅन परत येतो. पण केंद्रावर चालत नाही म्हणून कुणी दूध ओतून देत नाही. ते घरात वापरतात. चहा होतो, खीर होते. मंगलनं दही लावलं. सकाळी लागलं नाही. तिला वाटलं गारठ्यानं झालं. बरणीत तळाला उरलेलं सगळं तिनं पुन्हा त्याच गाईच्या दुधात घातलं, आणि बरणी घासून उन्हात पालथी घातली.

तिसऱ्या दिवशी बाई डोळ्याला हिरवी पट्टी लावून आल्या. मी त्यांना सोडायला गेलो होतो. त्यांनी सवयीनं भांडं नाकाशी नेलं.

"कुठल्या गाईचं?"

"जांभळीचं, आत्याबाई. केंद्रावर चालत नव्हतं म्हून घरात ठिवलं."

बाई खाली बसल्या. भांडं मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "विंजेक्शन मंडळींनाबी लागलं की गं."

मंगल रडायला लागली. बाई म्हणाल्या, "रडू नगंस. मी गावभर शिकवत फिरले, घरात सांगायचं राह्यलं. नापास मी हाय."

मी म्हणालो, एवढं काय, गावात शंभर घरांत असेल. आणि निघालो. पहिल्या घरात म्हणाले, आमचं कालच संपलं, बाईंकडनंच आणणार होतो. दुसऱ्या घरात म्हणाले, आता आमी कपच आणतो. तिसऱ्या घरात विरजण होतं, पण त्यात डेअरीचं दही मिसळलेलं. असं करत मी गाव संपवलं. सोमेश्वरनगरला दिलेली बाईंची एक विद्यार्थिनी होती, तिच्याकडं गेलो. तिनं मोठ्या प्रेमानं डबा भरून दिला. बाईंनी लावून बघितलं आणि मान हलवली. "गुणी हाय. पर आपलं न्हाय."

माझ्याकडंही नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मी कंपनीच्या पावडरीच्या पुड्या वापरायला लागलो होतो. रोज सारखं लागतं, तक्रार येत नाही. बाईंनी मला ते विचारलंही नाही. त्याचा जाब मी माझा मला देतो, इथं देणार नाही.

म्हणून आम्ही एमआयडीसीत गेलो. बाई माझ्या मागं गाडीवर, काळा चष्मा घालून, मांडीवर बरणी. पाळी बदलायची वेळ होती, गेटातून कामगारांच्या मोटारसायकली बाहेर पडत होत्या. त्यात बाईंचे दोन विद्यार्थी निघाले. गाडी थांबवून पाया पडले. आत मात्र दीड तास बसवलं.

साहेब आला. ओळख दिली, हे खरं. बाईंनी सगळं सांगितलं, गाईसकट. कशानं मेलं ते खरं सांगायचं, ही स्वतःची अट त्यांनी स्वतःलाही लावली.

"बाई, मूळ नमुना आहे आमच्याकडं, फ्रीजरमध्ये आहे. पण तो बाहेर देता येत नाही. कंपनीचा नियम आहे."

"मी दिला तवा तुमी कंपनी नव्हता."

"तसं नाही बाई. तुम्ही दिलं ते मिश्रण होतं. आम्ही त्यातली पेशी वेगळी काढली, वाढवली, तिला नंबर दिला. आता ती आमची आहे."

बाईंनी चष्मा काढला. आणि अचानक त्यांची भाषा बदलली. कंपनीच्या त्या थंडगार खोलीत त्या वर्गातल्या मराठीत बोलायला लागल्या.

"तुम्ही एक पेशी काढलीत. तिच्या दोन झाल्या. त्यातली तुम्ही काढलेली कोणती आणि नंतर झालेली कोणती, हे मला दाखवा. दाखवलीत तर ती तुम्ही ठेवा, बाकीच्या मला द्या."

साहेब हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "हे शाळेत ठीक आहे, बाई." आणि शिपायाला सांगून त्यानं दोन कप दही आणवलं. "हे घ्या. हेच आहे ते."

मी टेबलावर हात आपटला. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. बाईंनी माझी बाही ओढली. त्यांनी कप उचलले, आभार मानले आणि बाहेर आल्या. गेटाशी म्हणाल्या, "वरडून फायदा न्हाय, संपत. त्याला धडा पाठ हाय. फक्त कळला न्हाय."

कपातल्या दह्यानं त्यांनी विरजण लावून बघितलं. पहिल्या दिवशी लागलं, दुसऱ्या दिवशी सैल झालं, चौथ्या दिवशी नुसतं पाणी. बाई म्हणाल्या, एकट्यादुकट्यानं निभत नाही, ही सगळी सोबतीनं जगणारी मंडळी. आता सगळी एकत्र अशी फक्त त्या फ्रीजरमध्ये होती. त्यांनी साहेबाला दोन पत्रं लिहिली, शुद्धलेखनाची एक चूक नाही. उत्तर आलं नाही.

मग त्यांनी सुरुवातीपासून सुरुवात केली. लाल मिरच्यांचे देठ खुडले, कोमट दुधात टाकले आणि झाकून ठेवले. देठांवरही मंडळी असतात, दूध कसंबसं लागतं, ही युक्ती आमच्याकडच्या जुन्या बायकांना माहीत असते. पहिलं दही चिकट, तार येणारं, वास उग्र. त्यातला चमचा नव्या दुधात, त्यातला चमचा पुन्हा नव्या. असं रोज. ऐंशीला टेकलेली बाई, एका डोळ्यानं नीट दिसत नाही, आणि रोज करंगळी दुधात बुडवून सातपर्यंत मोजतेय.

"किती दिस लागतील, बाई?"

"आमच्या माहेरी किती पिढ्या लागल्या कुणाला ठावं. मंडळींची एकमेकांशी वळख व्हायला पायजे."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते याच कामात. त्या ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, दम लागायचा, बोलताना मधे थांबायच्या. मंगलनं भांडं आणलं. बाईंनी चमचा माझ्यापुढं धरला.

"सांग. कसं हाय?"

माझा सगळा जन्म माल बरा नसताना बरा म्हणण्यात गेलाय. म्हणालो, "जवळ आलंय, बाई. तसंच लागाय लागलंय."

"माझ्याशी सौदा करू नगंस. कसं हाय?"

"आंबट हाय."

"व्हय," त्या म्हणाल्या. "आंबटच हाय." त्यांनी एक चमचा बाजूला काढला, बाकीचं गाईला द्यायला सांगितलं, आणि मंगलला म्हणाल्या, "दूध आण. बगू, कोमट हाय का." महिना व्हायच्या आत बाई गेल्या.

साहेब, हे तुमच्यापर्यंत पोचेल. बारामती काही एवढी मोठी नाही. कंपनीचा नियम मला सांगू नका. त्या दिवशी निरवांगीच्या ओट्यावर चहा प्यायला कंपनी आली नव्हती, तुम्ही आला होतात. 'कधीही या' हे तुमच्या तोंडचे शब्द. बाईंना त्याचा जाब तुम्ही दिला नाहीत, आता ती वेळ गेली. पण मंगल अजून त्या घरात आहे आणि विरजण मारलं म्हणजे सासूलाच आपण मारलं असं ती मनात धरून बसली आहे. तुम्ही या. तिच्यासमोर उभे राहा. शब्द दिला होता म्हणत असाल तर फ्रीजर उघडून या. दिला नव्हता म्हणत असाल, तर तेही तिच्या तोंडावर बोला. तुम्ही याल तेव्हा मी तिथं असेन. ओरडणार नाही. तुम्ही काय म्हणता, तेवढंच ऐकायचं आहे.